ओढजाळं

तापीकाठी वाळत घातलेल्या जाळ्यांचा वास आला की मला मासे आठवत नाहीत, धुळ्याच्या प्रार्थनालयातले आमचे पाळक आठवतात.

त्या रविवारी ते 'सगेने' या ग्रीक शब्दावर बोलले. ख्रिस्ती शास्त्रात जाळ्याला शब्द अनेक आहेत, पण हा म्हणजे ओढजाळं, देवाच्या राज्याची उपमा. ते चांगलं-वाईट बघत नाही, सगळंच ओढून आणतं. निवड होते ती शेवटी, काठावर, आणि तीही देवदूत करतात. मी शाळकरी मुलगी, भारावून ऐकत होते. ग्रीक येणारा माणूस खोटा कसा असेल?

मग प्रीतिभोजनाची पंगत बसली. सातपुड्याकडून मजुरीला आलेली काही कुटुंबं त्या दिवशी पहिल्यांदाच आली होती. पाळकांनी गोड हसून त्यांना दाराबाहेर, चपलांजवळ बसवलं.

माझी आत्या, जिला सगळे अक्का म्हणत, वरण वाढता वाढता थांबली.

"साहेब, निवडानं काम काठवर ना? आपन तर आजून पानीमाच शेतस!" आपण सगळे अजून पाण्यातच आहोत, असं तिचं म्हणणं.

"अक्का, अर्थ वेगळा, व्यवस्था वेगळी," पाळक म्हणाले. ते वाक्यही त्यांनी प्रवचनाच्याच सुरात म्हटलं.

अक्काने वरणाची बादली उचलली आणि ती सरळ बाहेर गेली. तिथे सगळ्यांना वाढलं, मग चपला सारून स्वतःचं ताट मांडलं. मी तिच्या शेजारी बसले.

आत पाळकांनी कोरड्या भातावर आभाराची प्रार्थना बरीच लांबवली. तेव्हा मला हसू आलं होतं. आज त्या विद्वानाची कीव करायलाही मी तयार नाही.