रेडिएटरसमोरचा डबा

सालेमने पाण्याचे रिकामे कॅन माझ्या वर्कशॉपच्या तंबूसमोर ओळीने मांडले आणि म्हणाला, "कासम, पानी गाडी पी गया. आदमी क्या पिएगा?"

सालेम आमचा ड्रायव्हर, तिथलाच बदू, म्हणजे वाळवंटातला भटका अरब. दुबईच्या बंदरावर काही वर्षं काढल्यामुळे हिंदी बरं बोलायचा. त्याच्या लॉरीत मागे आमचा इब्राहिम आडवा पडला होता. इब्राहिम दापोलीकडचा, सर्व्हेची साखळी धरायचं काम करायचा. त्याचे ओठ फुटले होते आणि एवढ्या उन्हात अंगाला घाम नव्हता. हे लक्षण वाईट. आम्ही त्याला मेसच्या सावलीत नेलं, ओल्या चादरीत गुंडाळलं आणि चमच्याचमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजलं. संध्याकाळी तो बोलायला लागला. पहिलं वाक्य हे, की तो परत त्या गाडीत बसणार नाही.

साठच्या दशकातली ही गोष्ट. अमिराती तेव्हा एक देश झाल्या नव्हत्या, शेखांची वेगवेगळी राज्यं होती. अबुधाबीच्या किनाऱ्यापासून आत, वाळूत, आमचा कॅम्प होता. जमिनीखाली तेल आहे का हे पाहणारी सर्व्हे पार्टी. मी मेकॅनिक. कॅम्पच्या सगळ्या लॉऱ्या माझ्याकडे.

त्या लॉऱ्या उकळत. कारण साधं आहे. मऊ वाळूत गाडी लो गिअरमध्ये चालते. इंजिन जोरात फिरतं, गाडी मात्र माणसाच्या चालीने पुढे सरकते, म्हणजे रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही. त्यात वारा पाठीमागून असला की संपलंच. रेडिएटरच्या मानेला एक बारीक नळी असते, ओव्हरफ्लो पाइप. पाणी उकळलं की वाफ आणि पाणी त्यातून बाहेर पडून वाळूत जातं. मग ड्रायव्हर पुन्हा पाणी भरतो. जवळ पाणी कुठलं, तर प्यायचंच.

ट्रान्सपोर्टचे साहेब पेंटन नावाचे इंग्रज होते. ते म्हणाले, प्रत्येक लॉरीवर पाण्याचं जादा पिंप चढवा. मी म्हटलं, वजन वाढलं की चाकं जास्त रुततात आणि गाडी जास्त उकळते. त्यांनी तो विचार सोडला. मग म्हणाले, माझा एक माणूस मरता मरता वाचलाय. पुढच्या आठवड्यापर्यंत उपाय निघाला नाही, तर थंडी येईपर्यंत कॅम्प बंद करून सगळ्यांना किनाऱ्यावर पाठवतो. रोजंदारीवरची माणसं तिथूनच घरी जाणार हे न बोलताही कळत होतं. त्यातली निम्मी आमच्या रत्नागिरीची.

गुरुवारी संध्याकाळी कॅम्पवर पिक्चर असायचा. आमचा गोव्याचा स्टोअरकीपर डिसोझा दोन खांबांमध्ये चादर ताणायचा आणि छोट्या प्रोजेक्टरवर जे काही विमानाने आलं असेल ते दाखवायचा. त्या आठवड्यात लढाईचा इंग्लिश पिक्चर आला होता. ब्लॅक अँड व्हाइट. ब्रिटिश सोल्जर, वाळवंट आणि लॉऱ्या. गाणं नाही, बाई नाही, तरी आमची माणसं रंगून बघत होती. सोल्जरची गाडी रुतली की आमच्यातला कुणीतरी फळ्या टाकायला सांगायचा.

मी गोष्ट बघतच नव्हतो. पिक्चरमधल्या प्रत्येक लॉरीच्या नाकावर, रेडिएटरच्या पुढे, एक डबा बांधलेला होता आणि वरून एक रबरी नळी त्यात उतरत होती. हेडलाइटची वायर नव्हे, पेट्रोलची लाइनही नव्हे. मग ती नळी येते कुठून? मला वाटलं, ओव्हरफ्लो पाइपच असणार. वाया जाणारं पाणी डब्यात धरायचं. एवढी साधी गोष्ट आपल्याला का सुचली नाही, असं वाटून मीच थोडा खजील झालो.

सकाळी एका लॉरीला तसाच डबा बांधला. ओव्हरफ्लो पाइपला नळी जोडून तिचं टोक डब्याच्या तोंडात खोचलं. सालेमने गाडी टेकाडावर चढवली. गाडी उकळली, पाणी डब्यात आलं. पण रेडिएटर रिकामा तो रिकामाच. पाणी परत ओतायचं तर झाकण उघडावं लागतं, आणि उकळत्या रेडिएटरचं झाकण उघडणं म्हणजे तोंड भाजून घेणं.

मी डिसोझाकडे गेलो. म्हटलं, ते रीळ पुन्हा लाव आणि डबा दिसतो तिथे थांबव. तो म्हणाला, "थांबवलं तर दिव्याच्या उष्णतेने फिल्म जळेल. पाहिजे तर दहा वेळा चालवतो, पण थांबवणार नाही." मग स्टोअरच्या तंबूत, पडदे सोडून, आवाज बंद करून त्याने ते रीळ चालवलं. सालेमही येऊन बसला. संपलं की डिसोझा उलटं गुंडाळायचा आणि पुन्हा लावायचा.

दुसऱ्यांदा बघताना सालेम म्हणाला की हे लोक गाडी थांबवताना दर वेळी तिचं तोंड वाऱ्याकडे करतात. धूळ कुठे उडते त्यावरून त्याने ते ओळखलं होतं. तिसऱ्यांदा माझ्या लक्षात आलं, की थांबल्यावर झाकणाला कुणीच हात लावत नाही. नुसते उभे राहतात, सिगरेट ओढतात आणि निघतात. मग पाणी आत कसं जातं?

पेंटनसाहेब दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी इजिप्तमध्ये होते हे सगळ्यांना माहीत होतं. मी सरळ जाऊन विचारलं. ते जरा लाजले.

"कासम, मी कैरोत होतो. पगाराच्या ऑफिसमध्ये. अशा लॉऱ्या मी फक्त खिडकीतून बघितल्या."

पण त्यांनाही राहवेना. ते तंबूत आले, खोक्यावर बसले आणि रीळ बघितलं. मग म्हणाले, शाळेत प्रयोगशाळेत आम्हाला एक गंमत दाखवायचे. बाटलीत वाफ भरायची, तिची नळी पाण्यात बुडवून ठेवायची. बाटली गार झाली की पाणी आपोआप वर ओढलं जातं.

माझी चूक तिथे समजली. नळीचं टोक मी डब्याच्या तोंडाशीच ठेवलं होतं. ते तळापर्यंत, पाण्यात बुडालेलं हवं. वाफ बाहेर येते, डब्यातल्या पाण्यात तिचं पाणी होतं. इंजिन गार व्हायला लागलं की रेडिएटरच ते पाणी शोषून घेतो.

लांब नळी घातली, डबा अर्धा भरून ठेवला. गाडी टेकाडावर नेली, उकळली, वाऱ्याकडे तोंड करून बंद केली. आम्ही सगळे वाट बघत उभे. काहीच झालं नाही. साहेब हात पाठीमागे घेऊन चालत कॅम्पकडे निघून गेले.

मी तिथेच वाळूत बसलो. तत्त्व बरोबर होतं, मग पाणी वर का येत नाही? गार होताना रेडिएटर काहीतरी ओढणार हे नक्की. पाणी ओढत नसेल तर हवा ओढतोय. कुठून? मी गाडी पुन्हा चालू केली आणि प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावलं. नळीचे जॉइंट कोरडे निघाले. झाकणाभोवती मात्र बुडबुडे उठले. आतलं रबर उन्हाने कडक होऊन तडकलं होतं. टायरच्या जुन्या ट्यूबमधून नवी चकती कापली, पान्याच्या दांड्याने ठोकून झाकण घट्ट बसवलं.

या वेळी साहेबांना बोलावलं नाही. सालेम आणि मी दोघेच. गाडी उकळली, डबा थरथरायला लागला. सालेमने तोंड वाऱ्याकडे करून इंजिन बंद केलं. थोडा वेळ नुसता वारा. मग डब्यातून आवाज आला, गुडगुड, हुक्का ओढल्यासारखा. सालेम खाली वाकून डब्याला कान लावून ऐकत राहिला. डब्यातली पाण्याची पातळी आमच्या डोळ्यांदेखत खाली गेली.

"पी रहा है," तो हळूच म्हणाला.

त्या आठवड्यात सगळ्या लॉऱ्यांना डबे लागले. एका गाडीचं इंजिनच आतून चिरलेलं होतं, तिला कशाचाच उपयोग झाला नाही. ती किनाऱ्यावर पाठवली. कॅम्प राहिला.

इब्राहिम आधी नाहीच म्हणाला. मी त्याला सालेमच्या गाडीपाशी नेऊन, गाडी उकळू देऊन, मग इंजिन बंद करून आवाज ऐकवला. त्याने दोनदा ऐकला, डबा हलवून बघितला, नळी ओढून बघितली. मग मागे चढला. ती पार्टी नेहमीच्या वाटेने जाऊन आली. संध्याकाळी सालेमने तेच कॅन माझ्यासमोर आणून ठेवले. एक कॅन तर उघडलाही नव्हता. इब्राहिमने तो उघडला, पोटभर प्यायला आणि उरलेलं डोक्यावर ओतून घेतलं. कुणी त्याला अडवलं नाही.

आजच्या गाड्यांत बॉनेटखाली कूलंटची प्लास्टिकची बाटली असते. ती हेच काम करते, तिच्याकडे कुणी बघतही नाही. पुढे वर्कशॉपमध्ये नवे फिटर हाताखाली आले, गाडी उकळते म्हणून लगेच इंजिन खोलायला निघायचे. मी सांगायचो, इंजिन राहू दे. आधी गाडी गार होऊ दे, मग झाकणाचं रबर बघ. बहुतेक वेळा दिवसभराचं काम तिथेच वाचायचं.