मशीननं गाळलेली गिटार

बँडनं पहिलं गाणं सुरू करून दोन मिनिटं झाली होती. स्टेजवर निळा धूर तरंगत होता. काळ्या टी-शर्टातली हजारो डोकी एका तालात वर-खाली होत होती. माझ्या शेजारचे मोहनराव मात्र ताठ उभे होते. त्यांनी फोनवर टाइप करून मला दाखवलं : 'गिटार नाही. मागचा माणूस पार्किंगवरून भांडतोय, ते ऐकू येतंय.'

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. लोकांचं ऐकणं तपासायचं, ते कमी असेल तर कानाला मशीन बसवायचं आणि जुळेपर्यंत त्याचं सेटिंग करत राहायचं, हे माझं काम. व्हाइटफील्डच्या एका क्लिनिकमध्ये मी ते करते. मोहनराव माझे पेशंट.

ते के. आर. पुरमला राहतात. किती पिढ्या बेंगळुरात गेल्या, हे त्यांनाही सांगता येत नाही; मराठी बोलतात, पण मध्ये मध्ये कन्नड शब्द येतातच. पत्रा ठोकायच्या प्रेसवर आयुष्य काढलं, तिथंच कान अधू झाले. तरुणपणी एका मित्रानं कॅसेट दिली आणि तेव्हापासून हेवी मेटलचं वेड. त्याच कॅसेटवरचा बँड आता शहरात येणार होता.

"अक्का, मशीननं बायकोचं बोलणं ऐकू येतं," शोच्या आधी ते क्लिनिकमध्ये म्हणाले, "पण ते मला मशीन नसतानाही पाठ आहे. शोला गिटार ऐकू आली, तर मशीन ठेवतो. नाही तर कपाटात."

"असं कसं, काका? रोज लावल्याशिवाय सवय होत नाही."

"सरी, मग तुम्हीच चला. बायको म्हणते, त्या आरडाओरड्यात मी येणार नाही. तिचं तिकीट आहे."

मशीन कपाटात जाणं ही थट्टा नव्हे. ऐकू न येणारा माणूस हळूहळू बोलणंच सोडतो. असे पेशंट मी पाहिलेत. मी आमच्या सीनियर मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "जा. फील्ड ट्रायल समज. सेटिंगचा टॅबलेट सोबत ने, आणि स्वतःच्या कानात इअरप्लग घाल."

मी मनापासून तयारी केली. 'कॉन्सर्ट' नावाचा वेगळा प्रोग्राम बनवला. इतकी गर्दी, इतका कल्ला. म्हणून नॉइज रिडक्शन फुल ठेवलं. नॉइज रिडक्शन म्हणजे गोंगाट गाळून बोलणं पुढे आणणारी सोय. माझे वडील चिकोडीजवळ एका पिठाच्या गिरणीत कामाला होते. घरी आले तरी ओरडूनच बोलायचे. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि हा कोर्स घ्यायचं सुचवलं ते बारावीच्या सरांनी. त्यांचे उपकार मी विसरत नाही. पण गोंगाट म्हणजे शत्रू, ही समजूत मी गिरणीतूनच घेऊन आले होते. प्रोग्राम सेव्ह करताना मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

आता मैदानात उभी राहून मी मॅडमना मेसेज केला.

'गिटार ऐकू येत नाहीये.'

'नॉइज रिडक्शन?'

'फुल.'

'का??'

त्या प्रश्नानंच डोकं चालू झालं. बोलण्यात खंड असतात. शब्द, मग थोडी शांतता, मग शब्द. पंखा, ट्रॅफिक, गिरणी यांत खंड नसतो. मशीन खंड पाहून ठरवतं की ठेवायचं काय आणि गाळायचं काय. समोरची गिटार तर जाड, खरखरीत आणि सलग वाजत होती. मशीननं तिला इमानदारीनं गिरणी समजून गाळलं होतं आणि पार्किंगचं भांडण जपून ठेवलं होतं. लांबवलेले सूर तर त्याला स्वतःचीच शिट्टी वाटत होते. कधीकधी मशीनमधून शिट्टी येते, ती दाबायची वेगळी सोय असते. तीही त्या सुरांच्या मागे लागली होती.

दोन्ही सोयी मी बंद केल्या. टॅबलेटवर हिरवी खूण आली.

मोहनराव दचकले. एक हात नकळत कानाकडे गेला आणि वाटेतच थांबला. मग त्यांनी डोळे मिटले.

त्यानंतरचा तासभर मला सलग आठवत नाही. माझ्या कानात प्लग होते. सगळं विहिरीच्या तळातून यावं तसं येत होतं. ड्रम पोटात, गिटार बरगड्यांत. धूर निळ्याचा जांभळा झाला, जांभळ्याचा सोनेरी. लांब केसांची माणसं पाण्यातल्या गवतासारखी डुलत होती. कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मीही कुणाच्या तरी ठेवला, आणि ती अख्खी रांग एका बाजूला झुकून परत आली. मी कधीही न ऐकलेलं गाणं माझे पाय आधीच ओळखत होते. मोहनराव हवेत बोटं नाचवत नसलेली गिटार वाजवत होते. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता.

एका गाण्यानंतर त्यांनी फोन पुढे केला : 'स्वल्प वाढवा ना.'

मी टाइप केलं : 'नाही.'

'एकच पॉइंट?'

मशीनमध्ये एक कमाल मर्यादा असते. त्यापुढचा आवाज ते कानात सोडत नाही. ती मर्यादा मी हलवली असती, तर उरलेलं ऐकणंही धोक्यात आलं असतं. 'काका, कान उद्याही लागणार आहेत,' मी लिहिलं. त्यांनी वाचलं, हसून मला हात जोडले आणि पुन्हा डोळे मिटले.

पुढच्या आठवड्यात ते क्लिनिकमध्ये आले तेव्हा मशीन कानावर होतं. मशीनमध्ये वापराचे तास नोंदले जातात. ते सकाळपासून झोपेपर्यंतचे होते.

"बायको काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, आता तुम्हाला सगळं ऐकू येतं, मग उत्तर का देत नाही?"

त्या दिवसापासून मी आमच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवला : तुम्हाला कोणता गोंगाट हवा आहे? लोक आधी बुचकळ्यात पडतात, मग बराच वेळ लिहीत बसतात. गेल्या महिन्यात एका निवृत्त शिक्षिकेनं लिहिलं, 'मधल्या सुट्टीचा. शाळा घरासमोरच आहे.' तीन वेळा सेटिंग बदलून झालं. अजून जमलेलं नाही.