पंच्याऐंशी व्हायची घाई

वय वाढायची घाई झालेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे ओपा. ओपा म्हणजे डच भाषेत आजोबा. माझं त्यांच्याशी रक्ताचं नातं काही नव्हतं. मी संशोधनासाठी आले होते आणि लायडन या डच शहराबाहेर त्यांच्या गोठ्यामागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होते, एवढंच. मी गेले तेव्हा ते ब्याऐंशी वर्षांचे होते. पहिल्याच दिवशी किल्ली हातात देताना म्हणाले, "अजून तीन वर्षं थांबायचंय. मग मी तरुण होईन." मला वाटलं, म्हातारबुवांचं डोकं जरा सरकलेलं दिसतंय.

डोकं चांगलं जागेवर होतं. ओपा आठशे मीटर धावायचे, आणि ज्येष्ठांच्या शर्यतीत पाच-पाच वर्षांचे गट असतात. ऐंशीच्या गटात ब्याऐंशीचा माणूस म्हणजे जुना झालेला. नुकती ऐंशी पूर्ण केलेली "पोरं" त्याला मागे टाकून जातात. पण पंच्याऐंशी पूर्ण झाली की पुढच्या गटात आपणच सगळ्यांत लहान. ओपांचा तिसरा नंबर बरेचदा आला होता, दुसरा दोनदा. पहिला कधीच नाही. तो पंच्याऐंशीला येणार, असा त्यांचा हिशेब होता, आणि त्यात त्यांना काडीचीही शंका नव्हती.

जन्म गेला गाईंमध्ये. लहानपणी, युद्धातल्या उपासमारीच्या हिवाळ्यात, शहरातून चालत आलेल्या लोकांना दूध नेऊन द्यायचं काम त्यांच्याकडे असे. "कॅन हिंदकळली की बाबा कान पिळायचे. तेव्हापासून मी चवड्यांवर पळतो," असं ते सांगत. पुढे साठ वर्षं रोज पहाटे धारा काढल्या. मग गोठा मुलीच्या, मारिकेच्या हातात दिला आणि बूट विकत आणले. लोक निवृत्त झाल्यावर बसतात, हे धावायला लागले.

सराव कालव्याच्या कडेने चाले. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कुरण, आणि कुरणातल्या कालवडी तारेच्या आतून त्यांच्याबरोबर पळत. कुंपण संपलं की त्या थांबत आणि ओपा त्यांना हात करून पुढे जात. शर्यत कशी धावायची ते मला एकदा समजावून सांगितलं होतं, "पहिला फेरा धारा काढायला निघाल्यासारखा. दुसरा फेरा गाय रस्त्यावर सुटल्यासारखा." मी म्हटलं, मला धड बससाठीसुद्धा पळता येत नाही. त्यावर ते म्हणाले, "कारण तुझी गाय अजून सुटली नाही."

मग करोना आला आणि शर्यती बंद पडल्या. दीड मीटरचं अंतर ठेवायचं म्हणून ओपांनी अंगणात दोन खुर्च्या मांडल्या आणि मधे वासरांची गव्हाण आणून ठेवली. त्या गव्हाणीच्या अल्याड-पल्याड बसून आम्ही वर्षभर कॉफी प्यायलो. प्रयोगशाळेत आळीपाळीने जायचं, बाकी वेळ घरात. वेड लागलं नाही ते त्यांच्यामुळे. स्वतः मात्र ते आतून कासावीस झाले होते. "शरीर काही लॉकडाऊन पाळत नाही," असं एकदाच बोलले.

दुसऱ्या वर्षी एप्रिलात पुण्यात माझे बाबा गेले. विमान मिळेना. भावाने फोन धरला आणि वैकुंठ स्मशानभूमीतलं सगळं मी इथे पलंगावर बसून पाहिलं. फोन बंद झाल्यावर बाहेर आले तर ओपा दारात उभे. सांत्वन वगैरे काही नाही. हातात खरारा दिला, म्हणाले, "चल, त्या पांढऱ्या गाईला कर." मी तासभर त्या गाईला खरारा करत होते आणि रडत होते. ते पलीकडे गवत ओढत राहिले. इतकी माया मला त्या दिवसांत दुसऱ्या कुणी लावली नाही.

मे महिन्यात त्यांची पंच्याऐंशी पूर्ण झाली. आणि जुलैत, बंधनं सैल झाल्यावर, क्लबने शर्यत जाहीर केली. ओपा सांगायला आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. त्यांच्या दोन्ही लशी झालेल्या, शर्यत उघड्या मैदानावर, हाउसआर्ट्सने म्हणजे त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरने खुशाल धावा म्हणून सांगितलेलं. पण त्याच आठवड्यात रुग्णांचे आकडे पुन्हा चढले होते. मी विज्ञान शिकलेली बाई, धोका किती ते मला आकड्यांत सांगता आलं असतं. तेव्हा आकडे सुचले नाहीत. माझं तोंड सुटलं की सुटतं. मी म्हटलं, "जायचं तर जा. पण मला दुसऱ्यांदा फोनवर चिता बघायला लावू नका."

त्यांच्यात पुरतात, जाळत नाहीत, हेसुद्धा मला भान नव्हतं.  ओपांनी खिशातून फोन काढून माझ्यासमोरच क्लबला कळवलं की येता येत नाही, गाय व्यायला झाली आहे. मला इतकं हायसं वाटलं की मी आत जाऊन शिरा केला आणि वाटीभर त्यांना नेऊन दिला. त्यांनी तो सगळा खाल्ला.

ऑक्टोबरात एका सकाळी ते गोठ्यात कोसळले. हृदय. करोनाचा काही संबंध नव्हता.

दफनानंतर मारिके आणि मी अंगणात बसलो होतो. मला राहवेना, पण स्वतःचं बोलणं कबूल करायचा धीरही होईना. मी तिला म्हटलं, "ती गाय व्यायली नसती तर ते धावले असते गं."  मारिके म्हणाली, "जुलैत आमची एकही गाय व्यायची नव्हती. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, इतकी वर्षं वाट पाहिलीत आणि भाडेकरणीच्या एका शब्दावर सोडून देता? तर म्हणाले, तिला तिच्या बापासाठी काही करता आलं नाही. एका म्हाताऱ्याला तरी आपण वाचवलं असं वाटू दे तिला. मी काय, पुढच्या वर्षी धावेन."

भीती माझी होती, शर्यत त्यांची होती. हे मला तेव्हा कळलं, उपयोग काय?

पुढच्या वर्षी शर्यत झाली. मी पाहायला गेले होते. पंच्याऐंशीच्या गटात आठशे मीटरला कुणाचंच नाव नव्हतं. ओपा नुसते चालत गेले असते तरी पहिले आले असते.