झिऱ्याकडे नेणारा नकाशा

नांदुऱ्याला गाडीतून उतरलो तेव्हा मी खुशीत होतो, हे आज सांगायलाही लाज वाटते. पिशवीत कोरी वही होती, पावलांचे आकार उतरवायची काच होती. एसटीने जळगाव जामोद, तिथून बैलगाडीने सातपुड्याच्या पायथ्याचं गाव.

मागच्या उन्हाळ्यात इथल्याच एका झिऱ्यावर (पाणी झिरपणाऱ्या खड्ड्यावर) किसनबाबांनी मला माग वाचायला शिकवलं. ते जुने पागी (माग काढणारे). रोज संध्याकाळी बोरीची फांदी ओढून ते काठची वाळू सारखी करत आणि सकाळी ताज्या पावलांवरून कोण आलं, कुठून आलं ते सांगत. मी काचेवर खूर आणि पंजे उतरवत गेलो, वाटा जोडत गेलो. आजूबाजूचं पाणी आटलं की सांबर, अस्वल, बिबट्या सगळे याच झिऱ्यावर येत होते. हा तुकडा तोडीतून वगळा, जनावरांसाठी राखा, म्हणून मी नकाशा काढून जंगलखात्यातल्या एका बड्या साहेबांना दिला. त्यांनी माझी पाठ थोपटली आणि मी फुगलो.

यंदा बाबांच्या म्हातारीने भाकर, ठेचा, ताक पुढे ठेवलं. जेवण होताच बाबा म्हणाले, "चाला मास्तर, दाखवतो."

झिऱ्यावरच्या अर्जुनाच्या झाडावर नवं मचाण होतं. खाली काडतुसांची टरफलं पडली होती.

"साहेबाचे पाहुणे आलते जीपमंदी," बाबा म्हणाले. "तुमचाच कागद होता त्याईच्या हाती. तुमी जथी फुली मारली, तथीच बसले. मले इचाराचं कामच नाही पडलं त्याईले."

"पण झाडं तोडली नाहीत?"

"नाही न. आडोसा पाह्यजे न बाप्पा, बंदूक धराले!"

माझ्या मस्तकात तिडीक उठली. परवाने होते म्हणे! ज्यांना ताजा माग नि शिळा माग कळत नाही, त्या हरामखोरांना मी जनावरांचा पत्ता घरपोच दिला होता. त्यांचा राग आला, त्याहून जास्त माझा आला.

सकाळी वाळूवर सांबराच्या मादीचे खूर होते आणि शेजारी पाडसाचे इवलेसे. सवयीने मी काच काढली. मी वाकायच्या आत बाबांनी फांदी फिरवली.

"बाबा, हे काय?"

"पुसून राह्यलो. अथी कोण जित्तं हाय, ते आता कोणाले समजलं नाही पाह्यजे. तुमालेबी नाही, मास्तर."

परतताना नकाशा मागायला साहेबांकडे गेलो. नव्या राज्याच्या नकाशाशेजारी त्यांनी तो भिंतीवर लावला होता. "फार कामाचा आहे हो," ते हसून म्हणाले. "यंदा शेजारच्या डोंगराचाही काढा ना!" मी खुर्चीवर चढलो, तो उतरवला आणि त्यांच्यासमोर फाडला. त्याने काय होणार? जीपवाल्यांना आता वाट पाठ आहे.

वही कोरीच घेऊन घरी आलो. या लेखात मी त्या गावाचं नाव कुठेही लिहिलेलं नाही. मला पत्र टाकून विचारू नका. तुम्ही कितीही चांगले असलात तरी सांगणार नाही.