कल्पनाच्या तक्त्यातलं गाव

लालबर्‍याहून बसने परतत होते, तेव्हा कल्पनाच्या भावाचा फोन आला. "ताई गेली," एवढंच बोलला... नागपूरच्या दवाखान्यात, काविळीनं. बस चालत राहिली. बाहेर धानाची कापणी सुरू होती, आणि मला उगाच वाटत होतं की ऑफिसात पोचले की ती विचारेल, "काहून वो, एवढा उशीर?"

बालाघाटातल्या आमच्या लहानशा संस्थेत आम्ही दोघी शेजारी बसायचो. गरोदर बायांच्या तपासण्यांच्या नोंदी गावोगावच्या कार्यकर्त्या पाठवत. मी त्या संगणकात भरायची आणि कल्पना त्यातून महिन्याचा तक्ता काढायची. एका बाजूला गावं, वरच्या ओळीत त्या वर्षाचे महिने, मधल्या चौकोनांत तपासलेल्या बायांचे आकडे. डेटाबेसमधल्या वेगवेगळ्या टेबलांत विखुरलेल्या नोंदी जोडून असा तक्ता बनवायला ती स्वतःच धडपडत शिकली होती.

एका पावसाळ्यात तक्ता बघता बघता ती थांबली. मलाजखंडकडच्या जंगलातलं एक गाव त्यात नव्हतंच.

"तिथं कोणी गरोदर नसन," मी म्हटलं.

"नसन तं शून्य दिसलं पायजे, वंदना. गावच कसं गायब होईन?"

नोंदच आली नव्हती, मग संगणक गाव दाखवणार कुठून? तिनं सगळ्या गावांची मूळ यादी तक्त्याला जोडली. गाव परत आलं... समोरचे चौकोन मात्र सारे रिकामे. चौकशी केली तेव्हा कळलं, तिथली कार्यकर्ती आदल्या वर्षीच लग्न होऊन सासरी गेली होती आणि तिच्या जागी आम्ही कोणालाच नेमलं नव्हतं.

दुसर्‍या दिवशी जीप काढून आम्ही निघालो. नाल्यापासून पुढे चिखल तुडवत चाललो. एका घरात आठव्या महिन्यातली पोर पडून होती. पाय सुजलेले, डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे अंधारी. कल्पनानं तिला धरून धरून जीपपर्यंत आणलं, तिथून थेट दवाखान्यात नेलं. ती पोर वाचली. बाळ वाचलं नाही.

परतताना कल्पना म्हणाली, "मागच्याच महिन्यात दिसलं असतं तं..." त्यानंतर चौकोन रिकामा दिसला की ती त्या गावाला निघायचीच. यंदा डोळे पिवळे झाले तेव्हा मी रागावले, तर म्हणाली, "जाईन ना डॉक्टरकडे, तक्ता निघू दे आधी." अंगावर काढलं ते असं.

मागच्या आठवड्यात वारासिवनीला तिच्या घरी गेले. तिच्या आईनं चहा दिला आणि म्हणाली, "तिचं काम दाखव ना मले." मी लॅपटॉप उघडून तक्ता समोर धरला. मावशीला वाचता येत नाही. तिनं हळूच ओळींवरून बोट फिरवलं.

"हे सारं माह्या पोरीनं केलं?"

"हौ, मावशी."

"मंग तिचं नाव कुठं हाय यात?"

मी उगाच वरखाली शोधल्यासारखं केलं... नाव कुठंच नव्हतं. पदराच्या टोकानं मावशी स्क्रीन पुसत राहिली, कितीतरी वेळ. स्क्रीनवर धूळ नव्हती.