खड्डा कुणाच्या मापाचा?

एके काळी आमच्या गावात डोंगराकडून खाणीचा आवाज यायचा आणि गल्लीतून घोंगडीच्या मागांचा. खाण अजून चालू आहे. माग मात्र एकच उरलाय, रामहरीतात्यांचा. इंदापूर-बारामतीकडची धनगर मंडळी अजून त्यांच्याकडेच येतात.

तात्या म्हणजे शर्टाचं बटण वरून लावावं की खालून, यावरही विचार करणारा माणूस. अशा माणसाने नवं घर बांधलं आणि जमिनीखाली निघाला अख्खा कातळ! घोंगडी विणणारा माणूस मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून फळ्या दाबतो. जुन्या घरात मातीच होती, कुदळीने भागलं. इथे खाणीवरच्या मोहनरावांना छिन्नी घेऊन बोलवावं लागलं.

"माप कुनाच्या पायाचं धरू?" मोहनरावांनी विचारलं. "दगड हाय, तात्या. जास्त फोडला तर भर टाकावी लागंल, आन् भर रोज हलनार."

तात्या ताडमाड. मुलगा विशाल खाणीवर डंपर चालवतो, मागाकडे ढुंकून बघत नाही. सून निकिता बुटकी. बायकांनी सूत कातायचं, विणायचं पुरुषांनी, ही त्यांच्या घरची रीत. पण तात्या दुपारी आडवे झाले की निकिता गुपचूप मागावर बसायची, पाय लोंबकळत. तात्यांना ते ठाऊक होतं. रागवावं की शिकवावं हे न कळून ते घोरण्याचं सोंग करायचे.

आता त्यांनी गल्लीला सल्ला विचारला. कुणी म्हणालं, तुमच्या हयातीपुरतं बघा. कुणी म्हणालं, हयात राहिलीय किती? तात्या दोघांनाही "व्हय" म्हणाले.

शेवटी मोहनराव वैतागले. "बोला की! मला खानीवर जायचंय."

तात्यांनी सुनेला हाक मारली. "बस हितं ओट्यावर. पाय सोड."

"मी कशाला, मामा?"

"मला ठावं न्हाय. बस."

मोहनरावांनी तिच्या टाचेपर्यंतचं माप घेतलं.

माग बसल्यावर तात्या हौसेने खड्ड्यात उतरले, तर गुडघे छातीला लागले. कसेबसे बाहेर आले. निकिता बसली, सुताचा धोटा इकडून तिकडे सरकू लागला. तात्या घरभर फिरले. स्वतःच्याच घरात कुठं टेकावं कळेना. आनंद झाला होता आणि रडूही येत होतं. अखेर ते चरख्यापाशी बसले.

"मामा, सूत जाड येतंय," निकिता मागावरून म्हणाली. "जरा बारीक काता."

तात्यांनी मान खाली घातली आणि बारीक कातायला लागले.