ठमीची बिनमाशांची टाकी

माझी मुलगी कुणाला तोंडावर "नाही" म्हणाली की माझी झोप उडते. ती नाही म्हणून मोकळी होते. पुढचा घोर मला. समोरचं माणूस दुखावलं असेल, मनात धरून बसलं असेल, उद्या हिच्या अडीअडचणीला कोण उभं राहील, असलं सगळं डोक्यात फिरत राहतं. आज तर ती माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीलाच नाही म्हणून आली आहे.

मैत्रीण लहान मुलांच्या दातांची डॉक्टर. रविवारी तिच्या नव्या दवाखान्याचं उद्घाटन आहे. तिथल्या बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी बसवली आहे. ती उभी करणं हे लेकीचं स्वतःच्या नावावर घेतलेलं पहिलं काम, आणि त्या टाकीत रविवारी मासे नसतील असं ती डॉक्टरला सांगून आली. संध्याकाळी मैत्रिणीने मला फोन केला. "तू आई आहेस, तू समजाव. चार मासे सोडायचेत, डोंगर नाही उचलायचा. नाहीतर मी दुकानवाल्याला बोलावते. तो सकाळी येऊन सोडून जाईल आणि पुढे टाकीही तोच बघेल. झोपायच्या आत काय ते कळव मला."

मैत्रीण उशिरापर्यंत जागी असते. मी पण जागीच आहे.

लेकीला घरी आम्ही ठमी म्हणतो. रांगायच्या वयात एकदा बसली की कुणी कितीही चुचकारलं तरी जागची हलायची नाही, म्हणून आत्याने ठेवलेलं नाव. जिवाणूशास्त्र शिकली, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. बरं चाललं होतं. एक दिवस घरी येऊन म्हणाली, "आई, मी दिवसभर बाटल्यांत भरून आलेलं पाणी तपासते. मला पाणी नांदतं करायचंय." मी म्हटलं, "आधी जेवून घे." अशा वेळी मला दुसरं काही सुचत नाही.

नोकरी सोडली. दिवाणखान्यातला सोफा हलला आणि तिथे तिची पहिली टाकी आली. गॅलरीत पिंप आलं. त्यात गाळलेल्या पाण्यात मीठ घालायचं, पंपाने ढवळत ठेवायचं, मग दुर्बिणीसारख्या एका छोट्या नळीत पाण्याचा थेंब टाकून, उजेडाकडे धरून खारटपणा बघायचा. मीठ तोलून घालायची. माझ्या आमटीत मीठ जास्त झालं की तिचे बाबा म्हणायचे, "ठमे, जरा तुझी नळी आण गं."

पाणी भरलं, वाळू पसरली, भोकाभोकांचे दगड रचले, दिवा लावला. आणि मग काही नाही. नुसतं पाणी. माझा भाऊ आला, कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"मासे कुठायत?"

"येतील, मामा."

"गाडी चुकली का त्यांची?"

सगळे हसले. ती पण हसली, पण मासे काही आणले नाहीत. रोज बाटलीतून अमोनियाचे थेंब टाकायची, आणि काचेच्या इवल्या नळ्यांत पाणी घेऊन, त्यात औषध घालून रंग बघायची. पिवळा आला तर ठीक, हिरवा आला तर विष. मला वाटलं, पोरगी रिकाम्या टाकीत विष ओतते आणि वर ते मोजत बसते. एकदा न राहवून विचारलंच.

"आई, नवीन घर बांधलं," ती म्हणाली, "रंग झाला, पडदे लागले, पण मोरीच नाही. अशा घरात पाहुणे उतरवशील तू?"

"काहीतरीच काय!"

"मग? मासा जिथे खातो तिथेच घाण करतो, आणि त्या घाणीचं विष होतं. समुद्र मोठा, तिथे ते पचून जातं. इथे पचवणार कोण? या दगडांच्या भोकांत जिवाणू वस्तीला येतात. एक जात त्या विषाचं दुसरं विष करते, दुसरी जात त्याचं निरुपद्रवी खत करते. त्यांची वस्ती वाढायला वेळ लागतो. तोवर मी त्यांना थेंबाथेंबाने जेवायला घालते."

मग दगडांवर तपकिरी साय धरली. मला ते बघवेना. मी फडकं घेऊन पुढे झाले तर ती किंचाळलीच. ती साय म्हणजे टाकी मार्गी लागत असल्याची खूण, म्हणाली. घरात धूळ धरली की मी कासावीस होते आणि ही घाणीची वाट बघत बसते! पण एके सकाळी तिने मला नळी दाखवली. आदल्या दिवशी घातलेलं सगळं विष पचलं होतं, पाणी लख्ख पिवळं. तेव्हा कुठे दोन मासे आले. ते अजून आहेत. माझी चाहूल लागली की काचेपाशी येतात. तिची लागली तर येत नाहीत, कारण खाऊ मी घालते.

दवाखान्याची टाकी तिने अशीच लावली. उद्घाटनाच्या आधी पुरेसा अवधी ठेवून, एकटीने. मोठा दगड उचलायला तेवढे बाबा गेले होते. परवा रंग पिवळ्याच्या अगदी जवळ आला होता. आज शेवटची तपासणी करायची होती. मलाही बघायचं होतं, म्हणून मी सोबत गेले.

आत शिरलो तर टाकी अशी चमकत होती की ठमी दारातच थांबली. दगड पांढरेशुभ्र. दवाखान्यातली सिस्टर, वयाने माझ्याएवढी बाई, हात पुसत हसतमुखाने पुढे आली.

"बघा ताई, कसं केलंय! अहो, किती बुळबुळीत झालं होतं सगळं. लहान मुलं येणार, काचेला तोंड लावणार. मोठा दगड मी गरम पाण्याने घासला. बारके दगड आणि खालच्या फिल्टरमधल्या त्या चिनी मातीच्या रिंगा सरळ मशीनमध्ये घातल्या."

"कुठल्या मशीनमध्ये?" ठमीने विचारलं.

सिस्टरने अभिमानाने आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. दात काढायचे चिमटे, आरसे, सुया जिथे दाबाच्या वाफेत उकडून निर्जंतुक करतात, ते यंत्र. तिने जिवाणूंची ती सगळी वस्ती वाफेवर शिजवली होती.

ठमी खाली बसली. पिशवीतून नळी काढली, पाणी घेतलं, थेंब टाकले. रंग हिरवा होत गेला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. एवढ्या दिवसांची मेहनत पाण्यात गेली होती. आता ही बोलणार, मला वाटलं, आणि त्या बाईचा जीव जाणार. सिस्टरला एव्हाना काहीतरी चुकल्याचं कळलं होतं. ती पदराशी चाळा करत विचारत होती, "ताई, काही बिघडलं का हो?"

"बिघडलं," ठमी म्हणाली. "पण चूक माझी. हात लावू नका अशी चिठ्ठी लावायला हवी होती मी. आणि एक सांगू? माझा दात काढायची वेळ आली ना, तर मी इथेच येईन आणि डोळे मिटून बसेन."

सिस्टर रडता रडता हसली.

डॉक्टर मैत्रीण आली तेव्हा ठमीने सरळ सांगून टाकलं. घरच्या टाकीतले मुरलेले दोन दगड आणून ठेवते, त्यामुळे वस्ती लवकर धरेल, पण रविवारपर्यंत नाही. सिस्टरने काय केलं ते तिने "माझ्याकडून सूचना द्यायची राहिली" एवढ्यावर मिटवलं.

"हे बघ बाळा," मैत्रीण म्हणाली, "पाहुणे रिकामी टाकी बघणार का? दोन तासांचा कार्यक्रम. चार रंगीत मासे सोड. नंतर मेले तर नवीन आणू."

"मावशी, दुधाचे दात पडणारच असतात. म्हणून किडलेले तुम्ही तसेच ठेवता का?"

मैत्रीण म्हणाली, "मला माझा धंदा शिकवू नकोस."

"नाही शिकवत. पण मुलं या टाकीकडे बघून रडायची थांबावीत म्हणून तुम्ही ती लावलीत. पहिल्याच आठवड्यात त्यांना उलटा तरंगणारा मासा दाखवायचा? मी नाही सोडणार. दुसऱ्याला सोडू द्यायचे असतील तर टाकी तुमची आहे."

आवाज चढला नाही, मान खाली गेली नाही. रुसवा नाही, आर्जवं नाहीत. बोलून झाल्यावर तिने बाही वर केली आणि उकडलेल्या रिंगा एकेक करून मिठाच्या पाण्यात परत ठेवायला लागली, जणू काम तिच्याकडेच राहणार आहे.

घरी येताना मी विचारलं, "अगं, काम गेलं तर?"

"तर वाईट वाटेल."

"एवढंच?"

"खूप वाईट वाटेल, आई." आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली. तिचे डोळे भरले होते. म्हणजे तिला भीती वाटत नाही असं नाही. हे मला इतकी वर्षं कळलंच नव्हतं.

आत्ता ती झोपली आहे. दिवाणखान्यातल्या टाकीतून तिने दोन दगड काढून डब्यात, पाण्यात बुडवून ठेवलेत, सकाळी न्यायला. मासे उरलेल्या दगडांमागे दाटीवाटीने बसलेत. मी मघापासून मनात वाक्यं जुळवते आहे: पोर लहान आहे, राग मानू नकोस, मी समजावते तिला. आयुष्यभर मी लोकांना असंच सांभाळून घेत आले. त्यातलं एकही वाक्य आज खरं नाही. पोर लहान नाही. आणि समजवायचं काय? तिचंच बरोबर आहे.

मैत्रिणीला फोन लावते आहे. सांगणार आहे की ठमीला मी काहीही सांगणार नाही, आणि दुकानवाल्याला बोलावू नकोस. रविवारी त्या टाकीपाशी मी स्वतः उभी राहीन. कुणी विचारलंच मासे कुठायत, तर उत्तर मी देईन. मला आता सगळं सांगता येतं, मोरीपासून.

रिंग जाते आहे.